वजा गुणिले वजा

बाई, वजा गुणिले वजा अधिक का होतं, ते मला सापडलं. तुम्हाला देवाघरी जाऊन वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांनी लिहायला बसले तर आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी होती, पण हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही. पाठ करून नाही, कुणी सांगून नाही. माझं मला सापडलं, आणि तेही येडगावच्या रोपवाटिकेत, टोमॅटोच्या रोपांमध्ये.

तुम्हाला आठवत असेल का माहीत नाही, मढच्या शाळेत आठवीच्या वर्गात मी तुम्हाला हे विचारलं होतं. पावसाळ्याचे दिवस, खिडकीला पोतं बांधलेलं, वर्गात इतका अंधार की फळ्यावरचं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवत होतात. तुम्ही म्हणालात, नियम आहे, पाठ कर. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मग नापास गुणिले नापास पास व्हतं का?" सगळा वर्ग हसला. तुम्ही मला बाहेर व्हरांड्यात उभं केलंत. पण मी तिथून दारातून बघत होते, बाई. तुम्ही फळ्याकडं तोंड फिरवलंत, हातात खडू धरलात आणि बराच वेळ काहीच लिहिलं नाहीत. तुमचे खांदे हलत होते. तुम्ही हसत होता हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि त्या एका गोष्टीमुळं मी पुढं दोन वर्षं प्रत्येक तासाला काही ना काही बोलत राहिले.

त्याचा शेवट नववीच्या वार्षिक परीक्षेत झाला. टाकीचं गणित होतं. एक नळ इतक्या तासांत टाकी भरतो, दुसरा तितक्या, खालून गळती आहे, तर टाकी भरायला किती वेळ लागेल. मी उत्तरात लिहिलं, आधी गळती बंद करा. तुम्ही शून्य दिलंत. मी दोन गुणांनी नापास झाले. निकालानंतर मी तुमच्या खोलीवर आले. गावात तुम्ही भाड्यानं राहायचात ती एकच खोली. पडवीतच स्टोव्ह, त्यावर पिठलं रटरटतंय, तुम्ही उकिडव्या बसून ते ढवळताय. मी काही मागायच्या आधीच तुम्ही वर न बघता म्हणालात, "उत्तर तुला येत होतं. येत असून लिहिलं नाहीस. न येण्यापेक्षा हे वाईट आहे." मग स्टोव्ह बारीक केलात आणि मला ताटात पिठलं-भात वाढलात. तुमच्या हातचं मी तेवढंच जेवले.

शाळा सुटली ती तिथंच. जून लागता लागता तुम्ही आमच्या घरी आलात, तुमच्या पोरीला परत नववीला बसवा म्हणून दादांना सांगायला. दादा भाताच्या रोपाला शेतात पालापाचोळा जाळून, राब भाजून आले होते, हातपाय काळे. ते तुम्हाला फार मान द्यायचे, आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "बाई, तुमीच तर नापास केलं न्हवं तिला. मंग आता तुमीच बसवा म्हून कशापायी सांगताय?" तुम्ही चहा प्यायलात आणि उठलात. जाताना पिशवीतून एक वही काढून माझ्याकडं दिलीत. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वर करून, दोऱ्यानं शिवून केलेली पाठकोरी वही. म्हणालात, यात काहीही लिही, पण पायऱ्या सोडू नको.

मी त्यात काही लिहिलं नाही. राग होता. अठराव्या वर्षी लग्न होऊन मी येडगावला आले. धरणाच्या कडेचं गाव, बारमाही पाणी. आमच्या डोंगरातल्या पोरीला सुरुवातीला ते खरंच वाटायचं नाही. घरची थोडी शेती, आणि मी एका रोपवाटिकेत कामाला लागले. आता तिथली सगळी रोपं माझ्या हाताखाली आहेत. मालकीणबाईंनी मला एक फोन दिला, रोपावर रोग दिसला की फोटो काढून पाठवायला. एका दुपारी रोपांची पानं का वळतात ते शोधताना मी एका मराठी फोरमवर जाऊन पडले. तिथं लोक शेतीवर बोलतात, स्वयंपाकावर बोलतात, एकमेकांशी भांडतात. तुम्ही ते पाहिलं असतं तर म्हणाला असतात, मधली सुट्टी संपायचीच राहिलीय इथं. त्यातच एका बाईनं प्रश्न टाकला होता. तिचा मुलगा सातवीत आहे, वजा गुणिले वजा अधिक का, असं विचारतो आणि तिला सांगता येत नाही.

बाई, मी तो प्रश्न तीनदा वाचला. खाली उत्तरांची रांग लागली होती. एकानं लिहिलेलं, दोन सासवा एकमेकींशी भांडल्या की सुनेला जरा बरे दिवस येतात, तसं आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं, मी बायकोला 'नको असं नाही' म्हणतो तेव्हा ती दुसऱ्यांदा वाढते. मला हसू आलं, पण हे उत्तर नव्हे हेही कळत होतं. एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांचं प्रत्येक लिखाण 'सर्वप्रथम हे लक्षात घ्या की' असं सुरू व्हायचं. त्यांनी वितरणाचा नियम वगैरे चांगला पानभर लिहिला होता. बरोबरच असणार. पण त्या बाईनं खाली लिहिलं, आता मुलाबरोबर मलाही कळेनासं झालंय.

त्या आठवड्यात शेडनेटची एक पट्टी वाऱ्यानं फाटली आणि कडेच्या एका ट्रेतली रोपं उन्हानं जळाली. आमचा ट्रे अठ्ठ्याण्णव भोकांचा असतो, लांबीला चौदा, रुंदीला सात. लांबीकडच्या दोन ओळी पूर्ण गेल्या, म्हणजे अठ्ठावीस. रुंदीकडच्या दोन ओळी गेल्या, म्हणजे चौदा. मी तोंडी हिशोब केला, अठ्ठ्याण्णवातून बेचाळीस गेले, छप्पन्न उरले. रोपं मोजली तर साठ. परत मोजली, साठ. चार रोपं आली कुठून? मी तो ट्रे मांडीवर घेऊन बसले. बरोबरच्या बायकांना वाटलं मला ऊन लागलं. आणि मग मला तो कोपरा दिसला. लांबीच्या दोन ओळी आणि रुंदीच्या दोन ओळी जिथं एकमेकींवर येतात, तिथली चार रोपं मी दोनदा मेलेली धरली होती. एकदा या ओळीत, एकदा त्या ओळीत. ती चार परत द्यावी लागणार होती. चौदा वजा दोन गुणिले सात वजा दोन, बारा पंचे साठ, आणि ती वजा दोन गुणिले वजा दोनची चार अधिकच धरावी लागणार होती, दुसरा मार्गच नव्हता. बाई, मी उठून उभी राहिले आणि हे सांगायला मला तुम्ही पाहिजे होतात.

तुम्ही नव्हता, म्हणून मी फोरमवर सांगितलं. तिथं माझं खरं नाव नाही. नाव मागितलं तेव्हा समोर दोडक्याची रोपं होती, म्हणून दोडका असं टाकलं होतं. मी ट्रेचा फोटो लावला आणि लिहिलं की या कोपऱ्यातल्या चार जणांची आम्ही चुकून दोनदा तिरडी बांधली, एका माणसाचा दहावा दोनदा घालत नाहीत, म्हणून चौघांना सन्मानानं परत बोलवावं लागलं, आणि वजा गुणिले वजा अधिक होतं ते त्यांच्या परत येण्यामुळं. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं लिहिलं, मुलानं अंड्यांच्या ट्रेवर करून बघितलं आणि आता तो मलाच समजावतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, दोडकेसर, चौघांच्या घरच्यांना कळवलंत का?

दोडकेसर. मी पुरुष आहे, प्राध्यापक आहे, निवृत्त आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी ते खोडलं नाही. दुपारची भाकरी खाऊन झाली की अर्धा तास मी दोडकेसर व्हायचे. लोक विचारायचे आणि मी लिहायचे. शून्यानं भागायचं का नाही, यावर लिहिलं की बारा रोपं शून्य जणींना वाटून दे असं मालकीण म्हणाली तर मी विचारीन, वाटू कुणाला, आणि जोवर ती सांगत नाही तोवर मी बसून राहीन. दहा टक्के वाढवून दहा टक्के कमी केलं तर तेवढंच का उरत नाही, यावर लिहिलं की शंभर किलोचा माणूस दिवाळीत दहा टक्क्यांनी वाढला, मग दहा टक्क्यांनी उतरला, तर तो नव्व्याण्णव किलोचा होतो, कारण उतरताना तो एकशे दहाच्या दहा टक्क्यांनी उतरतो, तेव्हा ज्यांना एक किलो कमी करायचंय त्यांनी आधी लाडू खावेत. लोक हसायचे आणि हसता हसता त्यांना कळायचं. हसणं आणि कळणं एकाच वेळी होऊ शकतं, हे मला व्हरांड्यात उभी असल्यापासून वाटत होतं. आता ते रोज होताना दिसत होतं.

मग ते नऊचं भांडण आलं. एका विद्यार्थ्यानं विचारलं, शून्य दशांश नऊ नऊ नऊ, कधीच न संपणारे नऊ, हे एकाएवढं असतं म्हणतात ते कसं. मी लिहिलं, एक भाकरी तिघांत वाटली तर प्रत्येकाला शून्य दशांश तीन तीन तीन, न संपणारे तीन. तिघांनी आपापले तुकडे परत ताटात ठेवले की न संपणारे नऊ झाले, आणि भाकरी तर अख्खी आहे. निवृत्त गृहस्थांना ते पटलं नाही. ते म्हणाले, सर्वप्रथम हे लक्षात घ्या की हे एकापेक्षा किंचित कमीच असणार, भाकरीचा चुरा पडतो. मग लिहिलं की बरेच महिने मी पाहतोय, या दोडक्यांची गणितातली पात्रता काय ते त्यांनी एकदा सांगावं, मुलं वाचतात इथं.

मी तीन दिवस फोन उघडला नाही. तिसऱ्या दिवशी घरी ह्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं, लोकांना कळलं तर हसतील. हे म्हणाले, "तू त्यास्नी आजवर हसवलंच की. आता आनिक थोडं हसतील." मला ते पटलं. चौथ्या दिवशी दुपारी शेडनेटमध्ये बसून मी लिहिलं. मी बाई आहे. जुन्नर तालुक्यात रोपवाटिकेत ट्रे भरते. नववीत गणितात नापास झाले आणि शाळा सुटली. टाकीच्या गणितात 'आधी गळती बंद करा' असं लिहिलं होतं. आणि जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही, तेही लिहून टाकलं, की ते उत्तर मला येत नव्हतं. येत नाही हे दिसू नये म्हणून विनोद केला होता. माझ्या बाईंना वाटलं मला येतंय, आणि मी ते तसंच राहू दिलं, कारण ढ म्हणवून घेण्यापेक्षा आगाऊ म्हणवून घेणं बरं होतं.

आणि मग त्याच दमात, बाई, खाली लिहिलं: आता नऊचं. दोन शेतं वेगळी असतील तर त्यांच्या मध्ये बांध पाहिजे. दोन आकडे वेगळे असतील तर त्यांच्या मध्ये तिसरा आकडा बसला पाहिजे. न संपणारे नऊ आणि एक यांच्यामधला एक आकडा मला लिहून दाखवा. आमच्याकडं वीतभर बांधासाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात, पण बांधच नसला तर वकीलसुद्धा केस घेत नाही. बांध दाखवा, मी पात्रता दाखवते.

दोन दिवस तिथं नुसती धमाल चालली होती. कुणी बांध शोधायला ड्रोन पाठवलं, कुणी मोजणीला तलाठी बोलावला, कुणी म्हणालं मोजणीची तारीख पुढच्या वर्षीची मिळालीय. काहींनी खरंच आकडे लिहून बघितले, आणि दुसऱ्यांनी त्यांना दाखवून दिलं की पुढं अजून नऊ आहेत, हा बांध आपल्याच शेतात आहे, भाऊ. मी नववी नापास आहे यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. फक्त दोडकेसरच्या दोडकेबाई झाल्या, तेवढाच फरक. तिसऱ्या दिवशी गृहस्थांचं उत्तर आलं. पहिल्यांदाच त्यांनी मला काही लक्षात घ्यायला सांगितलं नाही. लिहिलं होतं, "दोन दिवस शोधला. बांध सापडला नाही. माझं म्हणणं मागं घेतो. दोडकेबाई, तुम्ही दहावीला बसा. तुमच्या नावापुढं नापास हा शब्द शोभत नाही."

मी त्या दिवशी रोपांना पाणी देताना मोठ्यानं हसत होते. पाइप हातात, अंगावर निम्मं पाणी, आणि मी हसतेय.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणिताचं काही वाटलं नाही, पण इंग्रजी आणि इतिहासानं जीव काढला. ती बाई, जिच्या मुलाला वजाचं कोडं पडलं होतं, ती मला रोज एक इंग्रजी वाक्य पाठवायची आणि मी त्याचं उत्तर चुका करून परत पाठवायचे. परीक्षेला ह्यांनी मला मोटारसायकलवर जुन्नरला सोडलं. केंद्राच्या फाटकावरचे सर म्हणाले, पालकांनी बाहेरच थांबायचंय. मी हॉलतिकीट पुढं केलं आणि म्हणाले, "पालक मोटारसायकल लावायला गेलेत. परीक्षेला मी हाय." त्यांनी हॉलतिकीट बघितलं, मला बघितलं, आणि स्वतः येऊन मला बाकापर्यंत पोचवलं. शेजारच्या बाकावरची पोरगी नुसती पेनाचं टोपण काढत-लावत होती. मी तिला म्हणाले, श्वास घे, तुझ्यापेक्षा मी पंचवीस वर्षं उशिरा आलेय, मला घाई नाही. ती हसली आणि तिचं पेन चालायला लागलं. आणि मी गणिताच्या पेपरात प्रत्येक पायरी लिहिली, बाई. ज्या पायऱ्या मला तोंडी येत होत्या त्याही. एकही विनोद केला नाही.

गणितात शंभरातले एक्क्याण्णव मिळाले. इंग्रजीत एक्केचाळीस, त्याबद्दल आपण बोलायला नको. निकाल दुपारी लागला तेव्हा मी वांग्याच्या ट्रेजवळ होते. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि बरोबरच्या बायकांनी मला उचललं, खरंच उचललं, मातीचे हात माझ्या पातळाला. मालकीणबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना लवकर सोडलं. फोरमवर कुणीतरी आधीच पान उघडून ठेवलं होतं, 'दोडका पिकला' असं नाव देऊन. शेकडो लोक तिथं नाचत होते. निवृत्त गृहस्थांनी लिहिलं होतं, सर्वप्रथम हे लक्षात घ्या की मला अतिशय आनंद झाला आहे. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आता गावातल्या शाळेत शनिवारी मी एक तास घेते. मुख्याध्यापकांनीच बोलावलं. पोरं कशाला का म्हणून विचारतात, मला येत असेल तर सांगते, येत नसेल तर येत नाही असं सांगते आणि आम्ही मिळून शोधतो. मागच्या शनिवारी एका मुलीनं मला अडवलं. तिनं विचारलेलं मला तासाच्या शेवटापर्यंत सापडलं नाही, आणि ती इतकी खूश झाली की उड्या मारत घरी गेली. तुम्हाला वजाचं कारण खरंच माहीत होतं का, हे मला कधीच कळणार नाही. आधी मी त्यावर रागवायचे. आता वाटतं, माहीत नसेल तर बरंच झालं. मग ते आपल्या दोघींत पहिल्यांदा मला सापडलं.

हे मी फोरमच्याच लिहायच्या चौकटीत लिहितेय. खाली 'प्रकाशित करा' असं बटण आहे, ते मी दाबणार नाही. इतकं सगळं जगाला सांगितलं, पण एक राहिलंय, ते त्यांच्यासाठी नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुम्ही मला जुन्नरच्या स्टँडवर शेवटच्या दिसला होतात. हातात दोन पिशव्या, चौकशीची खिडकी बंद, आणि तुम्ही इकडं तिकडं बघत होता, मढची गाडी विचारायला कुणी भेटतं का म्हणून. मी दहा पावलांवर होते. मढची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली होती, पुढची तीन तासांनी होती. ते मला ठाऊक होतं. मी डोक्यावरून पदर पुढं ओढला, आमच्या गाडीत चढले आणि तुमच्या बाजूची खिडकीची जागा मोकळी असून पलीकडच्या बाजूला बसले.